बजेट गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड केवढा घ्यावा? एटीएक्स, मायक्रो की मिनी आयटीएक्स?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी गेमिंग पीसी जोडून घ्यायचाय. तो सांगलीत डिप्लोमाला आहे. व्हॅलोरंट, दोन-चार मोठे गेम १०८०पी वर नीट चालावेत आणि अधूनमधून ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), एवढीच त्याची मागणी. मॉनिटर, कीबोर्ड घरात आहेत म्हणजे ६० हजार नुसत्या सीपीयूच्या डब्यासाठी. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६०० च्या आसपासचं. घोडं अडलंय मदरबोर्डच्या साइजवर. एक दुकानदार म्हणतो मोठाच घ्या, छोटा बोर्ड गेमिंगला तापतो, टिकत नाही. दुसरा म्हणतो मायक्रो घ्या, पैसे वाचवा. आणि भाऊ व्हिडिओ बघून मिनी आयटीएक्सवर अडून बसलाय, त्याला बुटाच्या खोक्याएवढा पीसी हवाय. साइजमुळे एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्समध्ये) फरक पडतो का? आणि पुढेमागे अपग्रेड करायचं झालं तर कुठला बरा?

फ्रेमरेट
मायक्रो एटीएक्स. धाग्याला पूर्णविराम. :)

पर्वतीचा_पायथा
पूर्णविराम कसला, अजून एटीएक्सवाले झोपेतून उठायचेत. :D

निळी_शाई
आधी मूळ प्रश्न. साइजने एफपीएसमध्ये फरक पडत नाही. प्रोसेसर, रॅम, कार्ड आणि चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) तेच असतील तर तिन्ही साइजवर गेम सारखाच चालतो. एटीएक्स म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या बोर्डावर जास्तीचे स्लॉट मिळतात, एखादं एम डॉट टू (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) जास्त, मागे यूएसबी जास्त. आता धाकट्याच्या पीसीत बसणार काय? एक ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि रॅमच्या दोन पट्ट्या. म्हणजे एटीएक्सचा खालचा सहा सेंटीमीटरचा भाग रिकामाच राहणार आणि त्याचे पैसे मात्र तुम्ही मोजणार. दोन-दोन ग्राफिक्स कार्डं जोडायचे दिवस होते तेव्हा त्या जागेला अर्थ होता, गेमिंगमध्ये ते कधीच बंद झालंय.

फरकाचे पैसे ग्राफिक्स कार्डात टाका, एफपीएस तिथूनच येतात.

नागपुरी_ऊन
शाईताई, बाकी सगळं मान्य पण तो पहिला दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये. छोटा बोर्ड छोटा आहे म्हणून तापत नाही, स्वस्त असतो म्हणून तापतो. प्रोसेसरच्या आजूबाजूला जे व्हीआरएम असतं, म्हणजे एसएमपीएसचे (पॉवर सप्लायचे) १२ व्होल्ट खाली आणून प्रोसेसरला देणारा भाग, तिथे कंपन्या पैसे वाचवतात. सगळ्यात स्वस्त मायक्रो बोर्डांवर त्याला हीटसिंकच (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो, नुसते काळे चौकोनी तुकडे उघडे दिसतात. इकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, खोलीत कूलर लावूनही ३३-३४ असतं, म्हणजे कॅबिनेटच्या आत हवा घुसते तीच गरम. पुण्यात ६५-७० डिग्रीवर राहणारा भाग इथे आपोआप दहा डिग्री वर जाऊन बसतो. सांगलीचा उन्हाळाही काही कमी नाही. तेव्हा साइज मायक्रोच घ्या पण व्हीआरएमवर हीटसिंक असलेलाच घ्या, फोटोत दिसतो तो.

फ्रेमरेट
५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे हो, त्याला एवढं काय लागतंय.

नागपुरी_ऊन
आज ५६०० आहे. उद्या भाऊ त्याच बोर्डावर आठ कोअरचा बसवेल आणि ब्लेंडरला रात्रभर रेंडर लावून झोपेल. गेममध्ये प्रोसेसरवर सतत पूर्ण लोड नसतो, रेंडरमध्ये तासन् तास असतो. १२४००एफचंही तेच, कागदावर ६५ वॉट पण टर्बोमध्ये ११७ पर्यंत जातो.

जुना_असेंबलर
मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बरीच वर्षं पीसी जोडलेत म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

एटीएक्स इंटेलने १९९५ मध्ये आणलं. त्याआधी एटी आणि बेबी एटी होतं. एटीच्या एसएमपीएसमधून बोर्डाला दोन वेगवेगळे कनेक्टर यायचे, पी८ आणि पी९, आणि लावताना दोघांच्या काळ्या वायर मधोमध शेजारी-शेजारी याव्या लागत. उलटे लागले की बोर्ड गेला. शिवाय समोरच्या पॉवर बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर यायची. एटीएक्सने ही कटकट संपवली, एकच कनेक्टर, तोही उलटा बसत नाही. मायक्रो एटीएक्स आलं १९९७ ला आणि मिनी आयटीएक्स व्हिया कंपनीने २००१ ला आणलं, ते मुळात कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी. गेमिंगवाले त्याच्यामागे फार नंतर लागले.

हे सांगायचं कारण असं की तिघांची भोकं एकमेकांशी जुळवून ठेवलेली आहेत. एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो बसतो, मिनीही बसतो. उलटं होत नाही. म्हणून ज्याचं नक्की ठरत नाही त्याने बोर्ड मायक्रो घ्यावा आणि कॅबिनेट एटीएक्सचं घ्यावं. हवा खेळती राहते, हात आत जातो, उद्या बोर्ड बदलला तरी डबा तोच.

आता खरी मेख. "मायक्रो एटीएक्स" लिहिलं म्हणजे बोर्ड २४४ बाय २४४ असेलच असं नाही, ती वरची मर्यादा आहे. स्वस्तातले बरेच बोर्ड लांबीला २३० च्या आत आणि रुंदीला जेमतेम १८०-१९० असतात. एटीएक्सला नऊ स्क्रू लागतात, या अरुंद बोर्डांना बहुधा सहाच. स्क्रूची शेवटची उभी रांग कडेच्या आधीच संपते आणि उजवी कड अधांतरी राहते. आणि त्याच कडेला असतात रॅमचे स्लॉट आणि २४ पिनांचा मोठा पॉवर कनेक्टर. तो कनेक्टर नवा असताना चांगला घट्ट असतो, अंगठ्याने जोर लावला की बोर्ड डोळ्यांदेखत खाली वाकतो. अशा वेळी डाव्या हाताची दोन बोटं बोर्डाच्या कडेखाली घालून आधार द्यायचा आणि मग दाबायचं. रॅमचंही तसंच. शक्य असेल तर रॅम बोर्ड बाहेर असतानाच, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून बसवून घ्यायची.

पर्वतीचा_पायथा
असेंबलरकाका, हे अधांतरी कडेचं कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही. वाचनखूण साठवली.

गिरगावकर_१०बाय१२
सगळे मायक्रो मायक्रो करताय म्हणून मिनी आयटीएक्सच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे दहा बाय बाराची खोली, त्यात देव्हारा, फ्रिज, शिलाई मशीन आणि चार माणसं. मोठा टॉवर ठेवायचा कुठे? माझा पीसी टीव्हीच्या शेजारी फळीवर मावतो, गणपतीत पाहुणे आले की उचलून कपाटात जातो. हॉस्टेलला राहणाऱ्या मुलांनाही हेच सोयीचं, सॅकमध्ये घालून एसटीने घरी आणता येतो. छोटेपणाची किंमत असते आणि काही घरांना ती परवडण्यासारखी असते एवढंच म्हणणं आहे.

निळी_शाई
गिरगावकर, तुमच्या खोलीसाठी तो निर्णय शंभर टक्के बरोबर. पण ६० हजारांत हिशोब बघा. त्याच चिपसेटचा मिनी आयटीएक्स बोर्ड मायक्रोपेक्षा काही हजारांनी महाग. छोट्या कॅबिनेटला बहुतेक वेळा एसएफएक्स म्हणजे छोट्या मापाचा एसएमपीएस लागतो, तो त्याच वॉटेजच्या साध्या एसएमपीएसपेक्षा महाग. कॅबिनेटही महाग. मग ग्राफिक्स कार्ड लांबीला आणि जाडीला मावेल असंच शोधावं लागतं, प्रोसेसरचा कूलरही बुटका. हे सगळं मिळून ग्राफिक्स कार्डाची एक पायरी खाली उतरावी लागते. भावाला खोकं छोटं मिळेल आणि गेम मिडियमवर खेळावा लागेल.

गिरगावकर_१०बाय१२
हे मान्यच. मी कार्डाची पायरी खाली उतरूनच घेतलंय आणि समाधानी आहे. धागाकर्त्यांनी भावाला विचारावं, त्याला जागा महत्त्वाची की सेटिंग.

दुबईकर_मी
मी मिनी आयटीएक्स केबिन बॅगेतून आणतो-नेतो, इकडून गोव्याला घरी. फक्त एक लक्षात ठेवा, परदेशातून आणलेल्या बोर्डाची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही. कोणी काका-मामा आणून देतो म्हणाला तर आधी त्या कंपनीची वॉरंटी देशापुरती आहे की जगभर, ते बघून घ्या. मदरबोर्ड हा तीन वर्षांत दुकानात परत न्यावा लागण्याची शक्यता असलेला पार्ट आहे, जीएसटीचं पक्कं बिल आणि जवळचं सर्व्हिस सेंटर याला फार किंमत आहे.

पर्वतीचा_पायथा
एक वेगळा पर्याय. कंपन्यांचे जुने ऑफिसचे ब्रँडेड पीसी लिलावातून येतात, १०-१५ हजारांत आय५ सकट. त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं की झालं गेमिंग मशीन. साइजचा प्रश्नच मिटला.

जुना_असेंबलर
मिटत नाही, वाढतो. त्या डब्यांतले बोर्ड बऱ्याचदा त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. पॉवरचा कनेक्टर २४ पिनांऐवजी सहा किंवा आठ पिनांचा, पुढच्या बटणांचा कनेक्टरही वेगळा, एसएमपीएस २००-२५० वॉटचा आणि त्याला ग्राफिक्स कार्डाची वायरच नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि आठ पिनांची वायर लागते. म्हणजे एसएमपीएस बदला, तो बसत नाही म्हणून कन्व्हर्टर आणा, कॅबिनेट बदलायला जावं तर बोर्डाची भोकं जुळत नाहीत. स्लॉटमधूनच वीज घेणारं ७५ वॉटच्या आतलं कार्ड टाकून हलके गेम खेळायचे असतील तर तो डबा चांगला आहे. या धाग्यातल्या गरजेला नाही.

मालवणी_मेवा
अवांतर: कोकणात पीसी ठेवणाऱ्यांनी साइजपेक्षा मुंग्यांचं बघा. पावसाळ्यात उबदार जागा शोधत त्या एसएमपीएसमध्ये शिरतात. पालीसुद्धा. मागच्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकलेल्या असतात ना, ती भोकं उघडी ठेवू नका, पट्ट्या परत लावा. आणि समुद्राच्या हवेने कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज चढतो, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी पीसी चालू करा.

नागपुरी_ऊन
अवांतरात माझी भर: खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. कूलरची हवा ओली असते.

कृष्णाकाठ
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भावाशी बोललो. जागा आहे, टेबलाखाली ठेवायचाय, त्यामुळे मिनी बाद, थोडा रुसलाय पण ग्राफिक्स कार्डाचं गणित त्याला पटलं. दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक, मामेभावाकडे डीडीआर४ ३२०० च्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या पडून आहेत, तो देतोय. दोन, राउटर बाहेरच्या खोलीत आहे आणि केबल ओढू देणार नाहीत आमच्या मातोश्री, म्हणजे वाय-फाय लागणार. आता काय बदलतं?

निळी_शाई
पट्ट्या मिळतायत हे फार मोठं काम झालं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव असे चढलेत की बजेट बिल्डचं सगळं गणित विसकटलंय. म्हणजे आता डीडीआर४ चाच बोर्ड, त्यात वाद नाही. एएम५ वर (रायझन ७००० पासूनच्या प्रोसेसरांचं सॉकेट) फक्त डीडीआर५ चालते म्हणून ते बाद. इंटेल घेत असाल तर एच६१० किंवा बी७६० चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, नावात नीट बघा, डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही.

रॅमचे चार स्लॉट की दोन, यावरही लोक भांडतात. डीडीआर४ ला चार स्लॉट उपयोगाचे आहेत, पुढे आणखी दोन आठच्या पट्ट्या टाकता येतात. डीडीआर५ मध्ये मात्र चार पट्ट्यांनी वेग पडतो. रायझन ७००० ला एएमडीने स्वतःच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० असा आकडा दिलेला आहे. तिकडे दोन स्लॉटचा छोटा बोर्ड घेऊन काही बिघडत नाही. तुमच्याकडे डीडीआर४ आहे तर चार बघा.

फ्रेमरेट
आणि चिपसेट. ए५२० घेतला तर स्वस्त पडतो पण तो पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटची जोडणी) ३.० चा आहे. आरएक्स ६६०० आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, ४.० वर डिझाइन केलेलं आहे. ३.० वर थोडेच एफपीएस जातात, कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की मात्र झटके बसतात. बी५५० वर मुख्य स्लॉट ४.० मिळतो. एच६१० वर १२४००एफ लावला तरी ग्राफिक्सचा स्लॉट ४.० मिळतो, म्हणून इंटेलचा स्वस्त बोर्ड त्या बाबतीत ए५२० पेक्षा बरा. पण एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट.

जुना_असेंबलर
वाय-फायचं बघू. तीन मार्ग. बोर्डावरच वाय-फाय असलेला घ्या, हजार-दीड हजार जास्त जातात. किंवा यूएसबी डाँगल, स्वस्त, पण गेममध्ये पिंग उड्या मारतो असा अनुभव गिऱ्हाइकांकडून बरेचदा ऐकलाय. किंवा छोट्या स्लॉटमध्ये बसणारं वाय-फाय कार्ड. इथे मायक्रोची एक खोच आहे. चार स्लॉटांच्या जागेत ग्राफिक्स कार्ड वरच्या स्लॉटमध्ये जातं आणि हल्लीची कार्डं दोन ते अडीच स्लॉट जाडीची असतात. त्याच्या लगेच खाली छोटा स्लॉट असेल तर तो झाकला गेला, असून नसल्यासारखा. बोर्डाचा फोटो उघडून वरून मोजा. ग्राफिक्सचा स्लॉट पहिला, मधली दोन जागा सोडा, त्याच्या खाली छोटा किंवा मोठा कुठला तरी स्लॉट उरला पाहिजे. उरत नसेल तर वाय-फायवालाच बोर्ड घ्या.

याच फोटोत साटाचे (हार्ड डिस्क वगैरे जोडायचे) पोर्ट बघा. काही बोर्डांवर ते वर तोंड करून ग्राफिक्स कार्डाच्या खालीच येतात, लांब कार्ड बसवलं की साटाची वायर लागत नाही. बॅटरीही तिथेच दडलेली असते, बायॉस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) रिसेट करायला दर वेळी कार्ड काढावं लागतं. आणि दोन एम डॉट टू असतील तर माहितीपुस्तिकेत बघा, दुसरं वापरलं की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात असं बऱ्याच बोर्डांवर असतं.

एटीएक्सचा खरा फायदा कुठे असेल तर तो इथे, सगळं मोकळं मोकळं असतं. ज्याला कॅप्चर कार्ड, साउंड कार्ड, चार हार्ड डिस्क असं काही लावायचं असेल त्याने जरूर घ्यावा.

नागपुरी_ऊन
कॅप्चर कार्डवरून, माझ्याकडे एटीएक्स याच कारणासाठी आहे. खालचा स्लॉट कार्डापासून लांब असल्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे पंखे मोकळी हवा ओढतात. मायक्रोत खाली दुसरं कार्ड लावलं की पंख्यांच्या तोंडाशीच येतं. वाय-फाय कार्ड बुटकं असतं त्यामुळे त्याने फारसं अडत नाही.

दुबईकर_मी
म्हणजे बी५५० मायक्रो, वाय-फायवाला, चार रॅम स्लॉट, व्हीआरएमवर हीटसिंक. हे एवढं दुकानदाराला लिहूनच द्या, म्हणजे "तो संपलाय, हा घ्या, सेमच आहे" असं ऐकावं लागणार नाही.

कृष्णाकाठ
ठरलं मग. काल दोन दुकानांत चौकशी केली. बी५५० चा वाय-फायवाला, २४४ बाय २४४ म्हणजे पूर्ण मापाचा, हीटसिंक दोन्ही बाजूंना. रायझन ५ ५६०० आणि जाळीचं तोंड असलेलं एटीएक्स कॅबिनेट. एसएमपीएस ५५० वॉटचा ब्राँझ. रॅम फुकट मिळाल्यामुळे कार्ड ६६०० च्या वरचं बसतंय का बघतोय. फक्त बोर्डाचं खोकं थोडं जुनं दिसत होतं, त्याने काही होईल?

फ्रेमरेट
खोक्यावर रायझन ५००० रेडी असा स्टिकर आहे का बघा. बी५५० आला २०२० च्या मध्यात, ५००० मालिका त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आणि तुमचा ५६०० तर २०२२ मध्ये. अगदी पहिल्या लॉटचा बोर्ड असेल तर जुन्या बायॉसवर हा प्रोसेसर चालू होणार नाही, स्क्रीन काळीच राहील.

जुना_असेंबलर
त्याला दोन उपाय. दुकानदाराकडून बायॉस अपडेट करूनच घ्या, बिल करण्याआधी सांगा. किंवा बोर्डाच्या मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसरशिवायही होतं, फक्त तेवढा वेळ लाइट जाता कामा नये, यूपीएसवर करा.

आणि एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो बसवणार आहात तर ते पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांच्यावर बसतो ते छोटे खुंट) मोजा. काही कॅबिनेटमध्ये ते आधीच लावून येतात. ज्यांच्यावर तुमच्या बोर्डाचं भोक येत नाही ते काढून टाका. राहिला एखादा तर तो बोर्डाच्या पाठीला कुठेतरी टेकतो आणि शॉर्ट होतो. पक्कड लागेल, हाताने निघत नाहीत.

कृष्णाकाठ
पक्कड आहे घरात. बायॉसचं आजच फोन करून विचारतो.